द्राक्षे, कांदा, चॉकलेट: माणसाला चालणारे अन्न कुत्र्याला का बाधते?

तासगाव भागातील एका द्राक्ष बागायतदारांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या मळ्यावरचा गावठी कुत्रा दर हंगामात वेलीखाली गळलेली द्राक्षे खातो आणि ठणठणीत आहे. ओळखीच्या एका घरातील लॅब्राडॉरने मात्र बेदाण्याची पिशवी फोडून खाल्ली आणि चौथ्या दिवशी मूत्रपिंडे निकामी होऊन तो दगावला. मग द्राक्ष विषारी मानायचे की नाही? आणि जे अन्न आपण रोज खातो, लहान मुलांच्या हातात देतो, तेच कुत्र्याला का बाधावे? गावातली कुत्री तर पिढ्यानपिढ्या आपल्या उष्ट्यावरच जगत आली आहेत.

उष्ट्याच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांच्या मनातली शंका तीच असते. कुत्रा माणसाच्या उष्ट्यावर जगला हे खरे आहे आणि त्याची खूण त्याच्या शरीरातही सापडते. २०१३ साली स्वीडनमधील संशोधकांनी कुत्रा आणि लांडगा यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा पिष्टमय पदार्थ पचवणारे अमायलेझ हे विकर ज्या जनुकापासून बनते, त्याच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असल्याचे दिसले. भाकरी, भात, पोळी त्याला पचते यामागे हे एक कारण आहे. पण शरीराने असे जुळवून घेतले ते हजारो वर्षे रोज समोर येत राहिलेल्या अन्नापुरतेच. कोको मूळचा अमेरिका खंडातला, झायलिटॉल ही साखरेऐवजी वापरली जाणारी गोडी कारखान्यात तयार होणारी, आणि बेदाण्यासारखी महाग वस्तू तर कुत्र्यापुढे कुणी टाकतच नव्हते. शिवाय जी कुत्री असे काही खाऊन मेली, त्यांची नोंद कोणी ठेवली? बांधावर मरून पडलेल्या कुत्र्याचे रक्त तपासायला कोणी नेत नाही. ‘पूर्वी काही होत नव्हते’ या म्हणण्यातला बराचसा भाग ‘पूर्वी कळत नव्हते’ असा असतो.

एखादा पदार्थ पोटात गेल्यावर तो किती शोषला जातो, यकृत त्याचे काय करते, मूत्रपिंड त्याला किती वेगाने बाहेर टाकते आणि वाटेत तो कोणत्या पेशींना भिडतो, यावर त्याचा परिणाम ठरतो. या प्रत्येक टप्प्यावर माणूस आणि कुत्रा यांच्यात फरक असू शकतो. म्हणून ‘विषारी आहे की नाही’ एवढाच प्रश्न विचारला तर उत्तर अपुरे मिळते. कोणत्या प्राण्याला, वजनाच्या किलोमागे किती आणि खाल्ल्याला किती वेळ झाला, ही माहिती मिळाल्याशिवाय कोणताही पशुवैद्य नेमके सांगू शकणार नाही. वाईट गोष्ट अशी की यातील अनेक पदार्थांचा परिणाम काही तासांनी किंवा काही दिवसांनी दिसतो आणि तोपर्यंत कुत्रा शेपटी हलवत फिरत असतो.

आता द्राक्षांकडे वळू. द्राक्षे किंवा मनुके खाल्ल्यानंतर कुत्र्यांची मूत्रपिंडे अचानक निकामी होतात हे अमेरिकेतील एएसपीसीए या प्राणीकल्याण संस्थेच्या विषबाधा सल्ला केंद्राकडे जमलेल्या नोंदींवरून लक्षात आले आणि २००१ मध्ये ते पशुवैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे आले. पण नेमका कोणता घटक घात करतो, हे पुढची वीस वर्षे कोडेच राहिले. कीटकनाशकाचे अंश, बुरशीची विषे, जड धातू असे अनेक संशयित तपासले गेले आणि सुटले. उलगडा अनपेक्षित बाजूने झाला. घरी मळलेल्या, मुलांच्या खेळण्याच्या रंगीत कणकेचा गोळा खाऊन एका कुत्र्याला अगदी द्राक्षांसारखाच मूत्रपिंडाचा विकार झाला. त्या कणकेत ‘क्रीम ऑफ टार्टर’, म्हणजे टार्टारिक आम्लाचा पोटॅशियम क्षार, भरपूर होता. द्राक्षातही हेच आम्ल असते. २०२१ मध्ये त्या केंद्रातील पशुवैद्यांनी टार्टारिक आम्ल हेच मूळ कारण असावे असे मांडले. पुढे प्रयोगशाळेत कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशी या आम्लामुळे मरतात, पण माणसाच्या मूत्रपिंडाच्या पेशी मरत नाहीत, असे दिसले. माणसाच्या पेशींत अशी आम्ले पेशीच्या आतबाहेर नेणारे जे एक वाहक प्रथिन असते, ते कुत्र्याच्या पेशींत बसवल्यावर त्याही वाचल्या. याचा अर्थ असा की कुत्र्याच्या मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या पेशींत हे आम्ल शिरते आणि तिथेच साचत जाते; बाहेर पडायला पुरेशी वाट नसते.

हे समजल्यावर मळ्यावरचा कुत्रा आणि घरातला लॅब्राडॉर यांच्यातला फरकही बराचसा उलगडतो. टार्टारिक आम्लाचे प्रमाण जातीनुसार, जमिनीनुसार, पक्वतेनुसार बदलते. द्राक्ष पिकत जाते तसा त्याचा आंबटपणा उतरतो, हे बागायतदाराला मी सांगायला नको. पूर्ण पिकून गळलेले काही मणी खाणे आणि बेदाणे खाणे या एकसारख्या गोष्टी नाहीत, कारण चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा होतो. पाणी उडते आणि आम्ल तिथेच राहते. मूठभर बेदाणा म्हणजे त्याच्या चौपट वजनाची द्राक्षे, आणि तो कुत्रा एका मिनिटात गिळतो. याखेरीज कुत्र्याकुत्र्यांतही फरक असतो आणि तो आधी ओळखता येईल अशी कोणतीही चाचणी नाही. त्यामुळे मळ्यावरचा कुत्रा आजवर वाचला, यावरून पुढच्या हंगामाची खात्री देता येत नाही. बेदाणा शेडपासून दूर त्याला बांधून ठेवणे किंवा शेडला जाळीचे दार करणे, एवढे तरी करावे असा माझा आग्रह राहील.

याच शोधातून निघालेली एक गोष्ट आपल्या स्वयंपाकघरासाठी द्राक्षांपेक्षाही महत्त्वाची आहे, आणि परदेशी याद्या वाचून कुत्रा पाळणाऱ्यांच्या नजरेतून ती हमखास सुटते. ती म्हणजे चिंच. चिंचेच्या गरात टार्टारिक आम्ल द्राक्षापेक्षा कितीतरी अधिक असते, आणि चिंच खाऊन मूत्रपिंडे निकामी झालेल्या कुत्र्यांच्या नोंदी २०२२ मध्ये प्रसिद्धही झाल्या आहेत. चिंच-गुळाच्या आमटीत कालवलेल्या भाताच्या दोन घासांनी कुत्रा मरेल असे मी म्हणत नाही; त्यात चिंचेचा अंश थोडा असतो. पण वर्षाची चिंच फोडून, मीठ लावून केलेले गोळे, भेळेची आंबटगोड चटणी, चिंचेच्या गोळ्या, कोळ काढून उरलेला आणि कचऱ्याच्या बादलीत टाकलेला चोथा हे सारे कुत्र्याच्या तोंडापासून दूर ठेवले पाहिजे. आंबट म्हणून कुत्रा खाणार नाही, या भरवशावर राहू नये. त्यात गूळ आणि मीठ असले की तो खातो.

द्राक्षे किंवा चिंच बाधली तर पहिले लक्षण बहुधा उलटीचे असते आणि ते पहिल्या चोवीस तासांत दिसते. नंतर कुत्रा मलूल होतो, अन्न सोडतो, आधी पाणी जास्त पितो. एक ते तीन दिवसांत रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा एक टाकाऊ घटक) चढते आणि लघवी कमी होत होत बंद पडते. लघवी पूर्ण बंद झाल्यावर आलेला कुत्रा वाचवणे फार अवघड असते. पहिल्या काही तासांत उलटी करवून शिरेतून सलाईन सुरू केलेला कुत्रा मात्र बहुतेक वेळा वाचतो.

चॉकलेटबद्दल लोकांना ऐकून माहीत असते, पण हिशेब माहीत नसतो. कोकोमध्ये थिओब्रोमीन आणि थोडे कॅफीन असते. माणसाचे यकृत थिओब्रोमीन बरेच लवकर मोडते. कुत्र्याच्या रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर यायलाच सुमारे साडेसतरा तास लागतात. त्यातून ते मूत्राशयाच्या अस्तरातून पुन्हा रक्तात शोषले जाते, म्हणून उपचारात मूत्राशय रिकामे ठेवावे लागते. वजनाच्या किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आसपास अस्वस्थता, उलटी, जुलाब सुरू होतात. ४० ते ५० वर हृदयाचे ठोके बिघडतात. ६० च्या पुढे झटके येऊ शकतात. मिल्क चॉकलेटमध्ये एका ग्रॅमला साधारण २ मिलिग्रॅम, डार्कमध्ये ५ किंवा जास्त, आणि केकसाठी आणलेल्या कोको पावडरमध्ये २० किंवा त्याहूनही अधिक थिओब्रोमीन असते. चार किलोच्या पामेरियनने ४० ग्रॅमची मिल्क चॉकलेटची वडी खाल्ली तर तो जेमतेम पहिल्या पायरीवर पोहोचतो. तीस किलोच्या लॅब्राडॉरला त्याच वडीने काहीच होणार नाही. पण त्याच पामेरियनने २५ ग्रॅम कोको पावडर चाटून काढली तर किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या वर आकडा जातो आणि जीव धोक्यात येतो. ‘आमचा टॉमी रोज चॉकलेट खातो’ असे अभिमानाने सांगणाऱ्यांचा टॉमी साखर आणि दुधाची पावडर जास्त, कोको कमी असलेली गोळी खात असतो, एवढाच त्याचा अर्थ. कॅफीनही त्याच कुळातले आहे. चहाचा चोथा गुलाबाच्या कुंडीत टाकण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे, आणि दुधा-साखरेचा वास राहिलेला तो चोथा कुत्र्याची पिल्ले उकरून खातात. तो आधी धुऊन, मातीखाली पुरून टाकावा.

झायलिटॉलची गोष्ट निराळी आहे, आणि माझ्या मते शहरी घरात आज सर्वांत जास्त भीती याचीच बाळगली पाहिजे. बिनसाखरेच्या च्युइंगमात, काही गोळ्यांत, तोंड धुण्याच्या औषधांत, काही टूथपेस्टमध्ये आणि परदेशातून आलेल्या काही पीनट बटरमध्ये ही गोडी घातलेली असते. माणसाच्या स्वादुपिंडाला ती जवळपास जाणवत नाही. कुत्र्याचे स्वादुपिंड मात्र तिला साखर समजते आणि भरमसाट इन्शुलिन सोडते, त्यामुळे अर्ध्या तासात रक्तातील खरी साखर कोसळू शकते. कुत्रा लटपटतो, पडतो, झटके येतात. किलोमागे ०.१ ग्रॅम एवढे प्रमाण साखर उतरवायला पुरते. म्हणजे पाच किलोच्या कुत्र्याला एक-दोन च्युइंगमही खूप झाले. किलोमागे अर्ध्या ग्रॅमच्या पुढे यकृतच निकामी होऊ शकते, आणि ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघड होते. वेष्टनावर झायलिटॉल असे नाव नसले तरी ९६७ हा त्याचा सांकेतिक क्रमांक शोधावा. स्टीव्हिया, सुक्रॅलोज किंवा अस्पार्टेम यांनी असा परिणाम होत नाही. मधुमेही व्यक्ती असलेल्या घरात मात्र कोणत्या डब्यात कोणती गोडी आहे, हे एकदा बसून वाचून ठेवणे बरे.

कांद्याविषयी मात्र भीती थोडी कमी आणि लक्ष थोडे जास्त हवे. कांदा, लसूण, पातीचा कांदा या साऱ्यांत गंधकाची संयुगे असतात. चावल्यावर आणि पचनात त्यांपासून जे पदार्थ बनतात, ते तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनवर ऑक्सिडीकरणाचा मारा करतात. असा मारा परतवण्याची कुत्र्याच्या तांबड्या पेशींची ताकद माणसाच्या पेशींपेक्षा तोकडी आहे. बिघडलेले हिमोग्लोबिन पेशीच्या आतल्या कडेला गुठळीसारखे चिकटते (त्याला हाइंझ पिंड म्हणतात), आणि प्लीहा अशा पेशी वेचून नष्ट करते. हे सगळे व्हायला तीन ते पाच दिवस जातात. तोवर मालक कांद्याची गोष्ट विसरलेला असतो आणि ‘अचानक’ हिरड्या पांढऱ्या पडल्या, लघवी चहासारखी झाली म्हणून कुत्र्याला घेऊन येतो. तेव्हा आम्हाला आठवडाभरातले सगळे जेवण विचारत मागे जावे लागते. उन्हाळा-पावसाळ्यात अशी लक्षणे गोचिडीच्या तापातही दिसतात, म्हणून रक्ताचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय निदान करू नये.

किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा एका वेळी गेला तर रक्तात लक्षणीय बदल होतात. दहा किलोच्या कुत्र्यासाठी हे दोन-तीन मध्यम कांदे झाले. कांदाभजीचा एक तुकडा पडला म्हणून रात्रभर जागण्याची गरज नाही. खरा धोका रोजच्या वाटणाचा आहे. मटणाच्या रश्शात कांद्या-लसणाचे वाटण भरपूर असते, शिजवल्याने त्यातला दोष जात नाही, आणि ‘त्याला नुसता रस्सा-भात घालतो, मटण नाही’ असे म्हणत तेच रोज थोडेथोडे दिले जाते. कांदा-लसूण मसाला आणि कांद्याची पूड यांत तर पाणी नसल्याने हेच सारे एकवटलेले असते. घरात मांजर असेल तर हा नियम आणखी कडक पाळावा. मांजराला याच्या तिसऱ्या हिश्श्यानेही बाधते.

एक धोका कुठल्याच लोकप्रिय यादीत वरच्या क्रमांकावर नसतो, पण आपल्या प्रदेशाने तो प्रत्यक्ष भोगला आहे. १९७४ च्या पावसाळ्यानंतर गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा या लगतच्या आदिवासी भागांत कावीळ आणि जलोदराची साथ पसरली. भिजून बुरशी धरलेला मका हे तिचे कारण होते. शंभराहून अधिक माणसे दगावली, आणि त्याच घरांतला मका खाणाऱ्या कुत्र्यांनाही तोच विकार जडला होता. त्या बुरशीचे विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन, आणि कुत्रा हा त्याला सर्वाधिक बळी पडणाऱ्या प्राण्यांपैकी एक आहे. म्हणून कुबट वास येणारे शेंगदाणे, जाळे धरलेले पीठ, बुरशी आलेला पाव ‘आता माणसांना नको, कुत्र्याला घाला’ असे म्हणणे म्हणजे नको तिथे काटकसर आहे. माणसाला जे अन्न टाकाऊ, ते कुत्र्याला निदान तितकेच टाकाऊ आहे.

बाकीच्यांचा उल्लेख धावता करतो. गटारीच्या रात्री किंवा दिवाळीच्या फराळात चरबी आणि तळण अति झाले की स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका वाढतो. पोट धरून, पुढचे पाय पसरून, मागची बाजू उचलून उभा राहणारा कुत्रा त्याच दिवशी दाखवावा. शिजवलेली हाडे अणकुचीदार फुटतात. आंब्याची कोय आणि दाणे खाऊन टाकलेले मक्याचे कणीस यांत विष नाही, पण ती आतड्यात अडकतात, एक्स-रेवर धड दिसत नाहीत, आणि बहुतेक वेळा शस्त्रक्रियेनेच काढावी लागतात. मे महिन्यात काळजी घ्यावी ती कोयीची आणि पावसाळ्यात कणसाची. यीस्ट घातलेली कच्ची कणीक पोटात फुगते आणि तिच्यातून मद्यार्कही तयार होतो. धुळवडीला भांग प्यायलेला कुत्रा लटपटतो, नकळत लघवी सांडतो, अंग गार पडते. अशा वेळी खरे सांगावे, पशुवैद्य पोलिसांत जात नाही आणि खोट्या माहितीमुळे नको त्या तपासण्यांत वेळ जातो. मॅकाडेमियाच्या बिया खाऊन मागचे पाय एक-दोन दिवस लुळे पडतात, पण ती आपल्याकडे अजून दुर्मीळच.

काही खाल्ल्याचे लक्षात आल्यावर घरगुती उपाय म्हणून मिठाचे पाणी पाजण्याची जी रीत आहे, ती ताबडतोब सोडावी. उलटी झाली नाही तर ते मीठ रक्तात जाते. किलोमागे २ ते ३ ग्रॅम मीठ मेंदूवर परिणाम करायला पुरते आणि ४ ग्रॅमच्या आसपास प्राण जाऊ शकतो. मोठा चमचाभर मीठ म्हणजे १५ ते १८ ग्रॅम. लहान कुत्र्याच्या बाबतीत मूळ पदार्थापेक्षा हा उपायच भारी पडतो. दूध, तूप, ताक यांनी विष उतरत नाही. घशात बोटे घालू नयेत. कुत्रा गुंगीत असेल किंवा झटके येत असतील तर तोंडाने काहीही देऊ नये, कारण ते फुप्फुसात जाते. दवाखान्यात इंजेक्शनने सुरक्षितपणे उलटी करवता येते. सर्वसाधारणपणे पहिले दोन तास महत्त्वाचे असतात, पण बेदाणे आणि चॉकलेट जठरात बराच वेळ पडून राहतात, त्यामुळे चार-सहा तास उलटले असले तरी ‘आता काय उपयोग’ म्हणून थांबू नये. सक्रिय कोळसा (पोटातले विष स्वतःला चिकटवून घेणारी भुकटी) चॉकलेटच्या बाबतीत उपयोगी पडतो. झायलिटॉल त्याला फारसे चिकटत नाही, तिथे रक्तातील साखर तासातासाने मोजत शिरेतून ग्लुकोज द्यावे लागते. बेदाणे, द्राक्षे किंवा चिंच खाल्ली असेल तर क्रिएटिनिनची तपासणी लगेच एकदा आणि पुढे तीन दिवस रोज करून घ्यावी, कुत्रा खेळता-खाता दिसत असला तरीही.

रात्री उघडा असणारा प्राण्यांचा दवाखाना मोजक्याच शहरांत सापडतो, म्हणून आपल्या भागातील पशुवैद्यांचा रात्रीचा क्रमांक आधीच घेऊन ठेवावा. फोनवर कुत्र्याचे वजन, पदार्थाचे नाव, जास्तीत जास्त किती खाल्ले असेल याचा अंदाज आणि खाल्ल्याची वेळ या क्रमाने सांगावे. निघताना वेष्टन, उरलेला पदार्थ आणि उलटी झाली असेल तर तिचा थोडा नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बरोबर आणावा.